सातवं झाकण

काल दुपारी साडेचारला पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात बेसिननं ढेकर दिली. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच हसला. डॉक्टर प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. त्या बघत होत्या, आणि जाळीतून काळं पाणी, अजिबात घाई न करता, चार बोटं वर आलं. त्यावर कापसाचा एक बोळा गोल फिरत राहिला. त्यांनी खाली फोन केला. या इमारतीत काही बिघडलं की गेली तेहतीस वर्षं फोन खालीच जायचा, खुशालरावांकडे. ते वर आले. नळाला त्यांनी हात लावला नाही. बेसिनमागून भिंतीत जाणाऱ्या बिडाच्या पाइपावर किल्ल्यांच्या जुडग्यानं दोनदा ठोकलं आणि कान लावला. रिकामा पाइप टणकन वाजतो. भरलेला वाजत नाही, नुसता हुंकारतो. जिन्यात येऊन त्यांनी मधल्या वळणावर ठोकलं, मग तळाशी. सगळीकडे तोच मुका आवाज. म्हणजे तळापासून पहिल्या मजल्यापर्यंत, बारा फूट, पाणी उभं होतं. खुशालराव वाकले होते तसेच थोडा वेळ वाकून राहिले. पाणी तुंबण्याचं त्यांना काही नव्हतं; तेहतीस वर्षांत शंभरदा तुंबलं असेल. पण दक्षिणेकडच्या या उभ्या लाइनचं पाणी ज्या सातव्या चेंबरात जाऊन पडतं, ते चेंबर कुठं आहे हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांनाही ते नक्की ठाऊक नव्हतं.

इमारत अमरावतीत, राजापेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चार मजले, अडतीस गाळे, दोन उभ्या लाइनी, जमिनीखाली अकरा चेंबर. बांधली तेव्हाचा ड्रेनेजचा नकाशा ऑफिसच्या कपाटात होता, त्याला वाळवी लागली. नवा काढून घेऊ, असं गाळेवाल्यांच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं तेव्हा खुशालराव दारात उभे होते. ‘नकाशा कायले पायजे? मी आहो ना,’ ते म्हणाले, आणि सगळे हसले, कारण ते खरं होतं. कोणता पाइप कोणत्या साली बदलला, कुठल्या वळणावर कोणी सिमेंटचं पाणी ओतून लाइन अरुंद केली, तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासची पोरं काय काय टाकतात, सगळं त्यांना बोटांच्या पेरांसारखं माहीत. दरवर्षी मृग लागायच्या आदल्या दिवशी ते अकराही झाकणं उघडायचे. पहिल्या झाकणावर हळदकुंकू वाहून नारळ फोडायचे. मग एकेका चेंबरात बांबूची कामटी फिरवायची, झाकणाच्या कडेला ग्रीस लावून ते बसवायचं, आणि वर चुन्यानं साल लिहायचं. संध्याकाळी खोबऱ्याचे तुकडे गाळ्यागाळ्यात वाटायचे. कपड्याच्या शोरूमचे महादेवराव तुकडा उचलताना हटकून म्हणायचे, ‘गटारीचा प्रसाद कोनाले देऊन राहिले बाप्पा,’ आणि खायचे. वलगावला भावाकडे गेलं की तिथले लोक विचारत, काय काम असते तुमाले तिकडे? खुशालराव म्हणत, लक्षात ठेवाचं काम.

चूक झाली ती अशाच माणसाकडून होऊ शकते. चौदा वर्षांपूर्वी महादेवरावांनी शोरूम मागच्या अंगणात वाढवलं. अंगणात दोन झाकणं होती, एकमेकांपासून दोन-तीन हातांवर. एक सातव्या चेंबरचं. दुसरं, इमारतीच्या आधी तिथं जे घर होतं त्याच्या जुन्या टाकीचं, कोरडं, मेलेलं. ग्रॅनाइट बसवणारे कारागीर उकिडवे बसले होते, नागपूरहून आलेला आर्किटेक्ट गॉगल डोक्यावर चढवून उभा होता, महादेवराव होते, आणि मधोमध खुशालराव. कोणतं झाकण वर घ्यायचं आणि कोणतं बुजवायचं, आर्किटेक्टनं विचारलं. सगळे खुशालरावांकडे बघू लागले. उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. पण ज्याला माहीत नाही तो माणूस उघडून बघतो. त्यांनी चपलेच्या टोकानं एक झाकण दाखवलं. ‘हे बंद लाइनचं. बुजवा.’ ते बोलणं, ती चप्पल पुढे सरकणं, आर्किटेक्टनं केलेलं ‘वा, काका’ हे सगळं त्यांना अजून दिसत असे. फक्त चप्पल कोणत्या झाकणाकडे गेली तेवढं दिसत नसे. दुसऱ्या झाकणावर छान पितळी कडीची फरशी बसवली. पुढच्या मृगाला खुशालरावांनी ती फरशी उचलली, झाकण काढलं, आत टॉर्च मारला. आत कोरडी माती होती, एक पाल आणि काचेची एक गोटी. तेवढ्यात वर कुठंतरी कोणी पाणी सोडलं. ते भिंतीतून सरसरत खाली आलं आणि पलीकडे, ग्रॅनाइटखाली, अंधारात पडलं. खुशालरावांनी ते ऐकलं. मग झाकण बसवलं, ग्रीस लावलं, वर चुन्यानं साल लिहिलं आणि खोबरं वाटायला गेले. त्या वर्षी सांगता आलं असतं. दुसऱ्या वर्षी सांगायचं तर पहिल्या वर्षाचंही सांगावं लागलं असतं. असं करत चौदा मृग गेले.

‘अकोल्याची एक मुलगी आहे,’ काल प्रमोदिनीबाई हात पुसत म्हणाल्या. गाळेवाल्यांच्या सेक्रेटरी त्याच. ‘कॅमेरा घालून लाइन बघते आणि लगेच नकाशा काढून देते. मी फोन केलाय. उद्या येईल.’

‘मी पायतो ना मॅडम. कॅमेरा कायले?’

‘तुम्ही बघालच हो. पण आता एक नकाशा होऊनच जाऊ दे. तुम्ही तरी किती वर्षं पुरणार आम्हाला?’ त्या हे प्रेमानं म्हणाल्या, आणि म्हणूनच ते खुशालरावांच्या छातीत रुतून बसलं. कॅमेरा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. काळ्या वायरच्या टोकाला डोळा, तो पाइपातून सरपटत जाणार, आणि पडद्यावर सगळ्यांना दिसणार की पाइप पितळी कडीकडे जातच नाही.

पहाटे पाचला ते उठले तेव्हा बायको, मैनाबाई, अंधारातच बोलल्या, ‘येवढ्या लवकर कुठं?’ कामावर, ते म्हणाले. ‘बिल्डिंग काय पळून चालली का?’ ते चपला अडकवून निघाले. साडेपाचला पहिल्या मजल्यावरच्या कॉमन संडासात, दार लावून, त्यांनी अ‍ॅसिडच्या पाच बाटल्या ओतल्या. एक एक करून, थांबत थांबत. अ‍ॅसिड जड असतं, उभ्या पाण्यातून खाली जाऊन तळाशी बसतं, आणि तळाशीच चोक आहे. सुटलं तर अकोल्याच्या पोरीला गेटावरूनच परत पाठवता येईल. धूर नाकात गेला, घसा सोलल्यासारखा झाला. तिसरी बाटली ओतताना उजव्या अंगठ्यावर थेंब पडला. नंतर त्यांनी वास मारायला फिनेल टाकलं, भरपूर. हे लपवणं त्यांना स्वतःलाच नवं वाटलं. चुकीच्या झाकणावर साल लिहिणं वेगळं आणि बाटल्या बाजाराच्या पिशवीत गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकणं वेगळं. सात वाजता पाइपावर ठोकलं. हुंकार. नऊला ठोकलं. हुंकार.

अकराला टेम्पो आला. अकोल्याची कॅमेरावाली, रागिणी, तिशीची, कुर्त्याच्या बाह्या वर सारलेली, चालताना आधी जमिनीकडे बघणारी. तिच्याबरोबर श्याम, चाळिशीचा, सडपातळ, कानात बाळी. मशीन उतरवताना शोरूमचा एक सेल्समन म्हणाला, ‘अमरावतीत माणसं सरले का? अकोल्याहून आणा लागले?’ श्याम म्हणाला, ‘अमरावतीवाले घाण करतेत. काढाले आमी येतो.’ खुशालरावांनी तिला अकराही चेंबर दाखवली. सातव्याशी आल्यावर तिनं पितळी कडी धरून फरशी उचलली, टॉर्च मारला, आणि बराच वेळ बघत राहिली. त्यांना वाटलं, आता विचारेल. चौदा वर्षं एकही थेंब न पडलेल्या मातीकडे बघून या धंद्यातल्या माणसाला कळायला हवं. पण ती म्हणाली, ‘कोरडं आहे. म्हणजे चोक इथं अन् उभ्या लाइनच्या मधात.’ आणि वहीत लिहिलं. त्यांच्या खोट्यावर विसंबून तिनं हिशेबशीर, बरोबर विचार केला होता; तो बघताना त्यांना कसंसंच झालं.

शोरूमच्या भिंतीमागे दोन हात रुंदीचा बोळ आहे. तिथं उभी लाइन खाली येते, आणि वळणावर, गुडघ्याच्या उंचीवर, तिला चार नटांनी आवळलेली एक लोखंडी झडप आहे. या धंद्यातले लोक तिला डोअर म्हणतात. रागिणीचा बेत सरळ होता. डोअर किंचित ढिलं करायचं, पाणी हळूहळू बोळातल्या नालीत सोडायचं, पाइप रिकामा झाला की कॅमेरा घालायचा. वरच्या सगळ्यांना पाणी वापरू नका म्हणून प्रमोदिनीबाईंनी सांगून ठेवलं होतं, आणि आता त्या स्वतः बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या. रागिणीनं हातमोजे चढवता चढवता, वहीत न बघता, विचारलं, ‘काका, वरून कोनं काई टाकलं नाई ना? अ‍ॅसिड, सोडा, काई?’

‘नाही,’ खुशालराव म्हणाले.

ते इतक्या सहज आलं की प्रश्न संपायच्या आधीच आलं असावं. त्यांनी प्रमोदिनीबाईंकडे बघितलं. त्या मोबाइल बघत होत्या.

हा प्रश्न त्यांच्याच घराण्यातला होता. बावीस वर्षांचे असताना ते अकोल्याला ताजनापेठेत रहमत उस्तादांच्या हाताखाली लागले. उस्तादांचा उजवा डोळा दुधासारखा पांढरा होता. कशानं झालं ते उस्ताद सांगत नसत, पण कोणतंही डोअर उघडण्याआधी जिन्यात उभे राहून वरच्या प्रत्येक माणसाला विचारत. ऊपर से किसने क्या डाला? आणि खुशालला सांगत, तीन दफे पूछना बेटा. पहली दफे आदमी झूठ बोलता है, उसमें उसका कसूर नहीं. दूसरी दफे सोचता है. खुशालराव आता बोळात उभे राहून दुसऱ्या दफेची वाट बघत होते. विचारलं तर ते सांगणार होते, याबद्दल त्यांना शंका नव्हती. श्याम गुडघ्यांवर बसला. नटांवर तेल सोडलं. पान्हा लावला. रागिणी पडद्याची वायर जोडत होती. कोणीच दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पहिला नट गंजलेला होता, किंचाळत सुटला. खुशालरावांना खोकला आला; तो त्यांनी उपरण्यात दाबला. ‘काका, खोकला कवापासून?’ रागिणीनं विचारलं. ‘सकाळपासून.’ ‘हवा बदलून राहिली,’ ती म्हणाली आणि पडद्याकडे वळली. अंगठ्याची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, ती त्यांनी मुठीत धरली. त्यांनी मनाशी हिशोब मांडला. बारा फूट पाणी, त्यात पाच बाटल्या, म्हणजे कितीसं ते, पातळ झालं असेल. मग लगेच आठवलं, जड असतं, तळाशी बसतं. पहाटे त्यांनी स्वतःच ते याच भरवशावर ओतलं होतं. पहाटे जे हवं होतं तेच आता नको होतं. दुसरा नट सुटला. श्यामचा चेहरा झडपेपासून वीतभर अंतरावर होता. डोळ्यांवर प्लास्टिकचा मोठा चष्मा. घामानं आतून धुरकट झालेला. पान्हा दोनदा निसटला, तसा त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

‘चष्मा घाल रे,’ खुशालराव म्हणाले. आवाज त्यांना परका वाटला.

‘दिसत नाई काका. पाणीच तं आहे.’

आता. हे बोलायची जागा हीच आहे, त्यांना कळत होतं. एक वाक्य बोललं की दुसरं निघणार होतं. अ‍ॅसिड टाकलं. कावून टाकलं? कॅमेरा नको म्हणून. कावून नको? आणि मग चौदा चुन्याची सालं, चौदा नारळ, महादेवरावांच्या तोंडात गेलेले खोबऱ्याचे तुकडे. या इमारतीत जे लोक आपल्याला ‘विचारा खुशालरावांना’ म्हणतात ते आपल्याकडे बघून हसतीलही नाहीत, हळहळतील. म्हातारा झाला होता हो, म्हणतील. हे ऐकायचं नसेल तर फक्त उभं राहायचं होतं. काही करायचं नव्हतं. श्यामनं तिसऱ्या नटाला पान्हा लावला, पाय भिंतीला टेकवला, जोर दिला. नट हलला. झडपेच्या खालच्या ओठाशी काळं काहीतरी जमलं, फुगलं, आणि एक थेंब खाली सिमेंटवर पडला.

पाण्याचा थेंब सिमेंटवर पडला की डाग पडतो. हा थेंब पडला आणि उकळला. रुपयाएवढा पांढरा फेस आला, बारीक चर्र आवाज झाला, आणि विझला. रागिणी पडद्याकडे बघत होती. श्याम नटाकडे. दुसरा थेंब जमू लागला. खुशालरावांना रहमत उस्तादांचा डोळा आठवला नाही, पुढे पुष्कळदा विचार करूनही त्यांना हेच आठवलं, की त्या क्षणी काहीच आठवलं नव्हतं. त्यांनी श्यामच्या शर्टाची मागची कॉलर धरली आणि त्याला असं खेचलं की तो बोळात पाठीवर पडला.

‘अ‍ॅसिड आहे,’ ते म्हणाले. ‘मी टाकलं. पाच बाटल्या. पहाटे.’

श्याम पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत राहिला. थेंब पडत होते आणि फसफसत होते, आता सगळ्यांनाच ऐकू येत होते. रागिणी पुढे आली, पाठीमागे चेहरा वळवून हातानं चाचपत तिनं तिसरा नट आवळला, मग दुसरा, मग पहिला. मोजे काढून बाजूला टाकले. ‘मी विचारलं होतं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘एकदाच विचारलं,’ तीच म्हणाली. ‘दुसऱ्या कोनाले तीनदा विचारलं असतं.’

श्याम उठला, मनगटाला लागलेलं रक्त बघितलं, पँटीला पुसलं. खिशातून चष्मा काढून त्यानं तो खुशालरावांसमोर धरला, जणू त्यांचाच परत करतो आहे. ‘तुमच्या शब्दावर काढला होता काका. आपल्याच धंद्यातला माणूस म्हणून.’ तो शिव्या देईल, असं खुशालरावांना वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

‘खुशालराव,’ प्रमोदिनीबाई बोळाच्या तोंडाशीच उभ्या होत्या, ‘पण का?’

त्यांनी सगळं सांगितलं नाही. ‘खरं सातवं ग्रॅनाइटखाली आहे. चला, दाखवतो,’ एवढंच म्हणाले.

वरून पंपानं पाणी उपसून, सोडा टाकून लाइन रिकामी करायला दोन तास लागले; मग घातलेला कॅमेरा चोकाशीच अडला, चेंबरपर्यंत पोचला नाही. तोवर खुशालराव शोरूमच्या मागच्या दालनात बसून होते. काचेमागे साड्या घडीवर घडी लावलेल्या, वर पंखे, पायाखाली काळा, चकचकीत, एकसंध ग्रॅनाइट. रागिणी वही घेऊन आली. मागे श्याम, हातात फरशी फोडायचं मशीन. महादेवराव काउंटरवरून उठून आले. ‘किती फोडान? मोठी फरशी आहे बाप्पा ही, असा रंग आता भेटत नाई,’ ते म्हणाले. श्यामनं मशीनची वायर बोर्डाला लावली.

खुशालरावांनी पितळी कडीपासून मोजायला सुरुवात केली. दोन हात. मग थांबले. तीन असतील. त्या दिवशी अंगणात पेरूचं झाड होतं, झाडापासून मोजलं तर कळलं असतं, पण झाड कुठं होतं तेही आता ग्रॅनाइटखाली होतं. ते गुडघ्यांवर बसले, किल्ल्यांच्या जुडग्यानं फरशीवर ठोकलं, गार दगडाला कान लावला. सरकून पुन्हा ठोकलं. सगळीकडे दगडाचाच आवाज येत होता. काउंटरवरची गिऱ्हाइकं, सेल्समन, प्रमोदिनीबाई, सगळे उभे राहून बघत होते. चौदा वर्षांपूर्वी बघत होते तसेच. खिशातून चुन्याचा खडा काढून त्यांनी एक फुली मारली. मग तळहातानं ती पुसली आणि तिथं एक मोठं, वेडंवाकडं वर्तुळ काढलं.

श्याम त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. चष्मा चढवला. मशीनचं टोक वर्तुळाच्या आत टेकवलं, पण सुरू केलं नाही.

‘इथं?’ त्यानं विचारलं.

‘इथं.’

श्यामनं मान वर केली. चष्म्यातून त्याचे दोन्ही डोळे मोठे दिसत होते.

‘नक्की?’

‘नाही,’ खुशालराव म्हणाले. ‘उघडून पाहा लागन.’